अर्धा मैल, दोन वळणं आणि लालबुंद ब्रेक

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिल स्पीडवेवर 2017 मध्ये रात्रीचे दिवे आले. अंधारातली शर्यत पाहताना माझी नजर गाड्यांवर कमी आणि चाकांवर जास्त असते. सरळ पट्टा संपतो, चालक ब्रेक दाबतो आणि चाकाच्या आत ब्रेकची लोखंडी तबकडी निखाऱ्यासारखी लाल होते. गाडी वळणातून बाहेर पडते, तबकडी काळवंडते. आठ-दहा सेकंदांनी पुढचं वळण आलं की पुन्हा लाल. लोखंड काळोखात लाल दिसू लागतं ते साधारण सव्वापाचशे अंश सेल्सिअसच्या वर, त्यामुळे आत काय तापमान असेल याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनीही येतो.

एवढी उष्णता येते कुठून? हा ट्रॅक 1947 मध्ये धावता झाला. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नास्कार या अमेरिकन संस्थेच्या मुख्य मालिकेच्या 1949 मधल्या पहिल्या मोसमापासून आजवर अखंड वेळापत्रकात असलेला तो एकमेव ट्रॅक. एक फेरी जेमतेम 846 मीटरची, आकार कागदाला लावायच्या क्लिपसारखा: दोन लांब पट्टे आणि दोन्ही टोकांना चिंचोळी वळणं. (तिथले लोक वळणं चार मोजतात, प्रत्येक टोकाला दोन.) स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. आता फक्त बाहेरचं रूप तसं राहिलंय, आतलं सगळं शर्यतीसाठीच घडवलेलं. चालक आणि इंधनासह ती दीड टनाच्या आसपास भरते. ती ताशी 190 किलोमीटरवरून 100 वर आणायची तर सुमारे 15 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात पाच लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल! थोडा वाटा हवा आणि इंजिन उचलतात, बाकी सगळा भार ब्रेकवर. 500 फेऱ्यांच्या शर्यतीत असं हजार वेळा घडतं. म्हणजे पाच हजार लिटरचा पाण्याचा टँकर उकळण्याइतकी ऊर्जा, आणि ती एकाच गाडीची.

घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालचं पॅडल मऊ पडतं आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून या गाड्यांच्या तोंडाशी हवा घेणाऱ्या नळ्या असतात आणि त्या थेट ब्रेकवर वारा सोडतात.

वेग कमी केला, आता वळायचं. वळणाऱ्या गाडीला कुणीतरी सतत आतल्या बाजूला खेचत राहावं लागतं, नाहीतर ती सरळ निघून जाईल. हे काम कोण करतं यावर छोट्या ट्रॅकचं सगळं गणित उभं आहे. मार्टिन्सव्हिलची वळणं 12 अंशांनी कललेली आहेत, बाहेरची कड वर. वळणाची त्रिज्या साधारण 57 मीटर धरली तर हा कल एकट्याने ताशी 39 किलोमीटरपर्यंतच गाडी वळवू शकतो. लागणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ताशी 100 ला ते साडेसहापट होतं आणि फरकाचा भार टायरवर येतो. टायर रस्त्याला धरून असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या पट्ट्याने. त्या ओढाताणीत डांबरच उखडायचं, म्हणून 1976 मध्ये इथल्या वळणांवर काँक्रीट घातलं गेलं.

शेजारच्या टेनेसी राज्यातला ब्रिस्टल ट्रॅक लांबीने जवळजवळ एवढाच, पण तिथला कल 24 ते 28 अंश. परिणाम असा की मार्टिन्सव्हिलला फेरीला वीसेक सेकंद लागतात आणि ब्रिस्टलला पंधराच्या आसपास.

कायम डावीकडेच वळायचं असल्याने अशा ट्रॅकवर एक युक्ती फार जुनी आहे. स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, अरुंद बुडाच्या बाजूला गोल फिरतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असतील आणि उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवला, तर गाडीही त्या पेल्यासारखी आपणहून डावीकडे वळू पाहते. सरळ पट्ट्यावर मात्र चालकाला स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं.

कल आणि टायर यांच्याशिवाय तिसरं काही गाडीला आत ढकलू शकेल का? 30 ऑक्टोबर 2022 ला मार्टिन्सव्हिललाच नास्कारचा चालक रॉस चास्टेनने याचं उत्तर दिलं. शेवटच्या फेरीत तो दहावा होता आणि विजेतेपदाच्या अंतिम चौघांत जाण्यासाठी त्याला आणखी काही जागा हव्या होत्या. शेवटच्या दोन वळणांआधी त्याने ब्रेक दाबलाच नाही. वरचा गिअर टाकला आणि गाडी सरळ बाहेरच्या भिंतीला टेकवून ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलेली ही युक्ती होती, असं त्याने नंतर सांगितलं.

आपल्या जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये जे घडतं त्याचीच ही आवृत्ती. तिथे स्वाराला आत ढकलत राहते ती विहिरीची भिंत, म्हणून तो गोल फिरत राहतो. चास्टेनच्या गाडीलाही आतलं बल भिंतीनेच दिलं. टायरची पकड किती, हा प्रश्नच उरला नाही. भिंतीशी घासून वेग थोडा कमी होत होता, पण ब्रेक मारणाऱ्या इतरांपेक्षा तो कितीतरी जास्त राहिला. पाच गाड्या मागे टाकून तो पाचवा आला, आणि पुढे एक गाडी अपात्र ठरल्यावर चौथा. फेरीची वेळ 18.845 सेकंद.

या जोराची किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. वळणातला वेग दीडपट झाला, तर त्याच त्रिज्येवर बल सव्वादोनपट होतं, आणि पट्ट्यात आवळलेल्या माणसाची मान आणि बरगड्या तेवढाच भार सोसतात. समोरच्या भिंतीचा एखादा सांधा पुढे आला असता तर गाडी तिथेच अडून उसळली असती, आणि मागे प्रेक्षक बसलेले असतात. 2023 चा मोसम सुरू होण्याआधी नास्कारने सांगून टाकलं की सुरक्षेच्या नियमाखाली अशा फेरीला वेळेचा दंड लागेल. तेव्हापासून मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या वळणाआधीही ब्रेक दाबावाच लागतो.