वर्गणी भरली आणि नंतर अटी बदलल्या: परतावा कसा मागायचा?

मी एका ॲपची वर्षाची वर्गणी 2,400 रुपये भरली तेव्हा ते दोन फोनवर चालत होतं. चौथा महिना संपताना मेल आला, ‘यापुढे एकच फोन. वापर चालू ठेवल्यास नव्या अटी मान्य समजल्या जातील.’ उरलेल्या आठ महिन्यांचे 1,600 रुपये मागितले, तर उत्तर ठरलेलं: वर्गणी परत मिळत नाही.

अशा वेळी आधी यूपीआय ऑटोपे बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षाचेही पैसे कापले जातील. मग पुरावे. सगळा दावा उभा राहतो तो पैसे भरले त्या दिवशीच्या अटींवर, आणि नेमक्या त्याच कुणी जपत नाही. जुनं पान बदललं असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर बघा, बऱ्याचदा सापडतं. सोबत बिल, व्यवहार क्रमांक आणि अटी बदलल्याचा मेल ठेवा.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तीही लेखी. ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. चॅटमधल्या गोड बोलण्यावर विसंबू नका. तिथे काही झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा होतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे मोजून स्वतःसाठी सेवा घेतलेला कुणीही अर्ज करू शकतो. फुकट ॲपवाल्यांना ही वाट नाही. धंद्यासाठी सेवा घेतली असेल तरी नाही. अर्ज सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. तारीखवार हकीकत, ओळखपत्र, वरचे पुरावे आणि प्रतिज्ञापत्र जोडा.

एक खाच आहे. ‘करारच अन्यायकारक’ असा मुद्दा धरला तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. म्हणून ‘कबूल केलेली सेवा दिली नाही, सेवेत त्रुटी’ असंच लिहा, आणि मागणीत 1,600 रुपयांसोबत व्याज व अर्जाचा खर्चही घाला.