मोबाईलला कॅमेऱ्याची लेन्स जोडणे

एसएलआर कॅमेऱ्याची मोठी लेन्स अडॅप्टरच्या साहाय्याने मोबाईलपुढे बसवून व्हिडिओ काढण्याची पद्धत. या जोडणीला ‘डीओएफ (डेप्थ ऑफ फील्ड) अडॅप्टर’ म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि लगतच्या मालेगाव-बागलाण पट्ट्यात अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ मोठ्या हौसेने निघतात. मोठा कॅमेरा न परवडणाऱ्यांना अशा कामासाठी ही पद्धत खरोखर उपयोगी आहे.

यात मोबाईलची स्वतःची लेन्स काढावी लागत नाही. मोठी लेन्स समोरच्या दृश्याची प्रतिमा अडॅप्टरमधल्या दुधी काचेवर पाडते आणि काच व मोबाईल यांच्यामध्ये बसवलेल्या भिंगातून मोबाईल त्या काचेवरचे चित्र टिपतो. फुल फ्रेम लेन्सची ही प्रतिमा ३६ × २४ मिमी इतकी, म्हणजे मोबाईलच्या सेन्सरच्या कितीतरी पट मोठी असते. सगळी जादू इथेच आहे. रावेर-यावलकडच्या केळीबागेत ५० मिमीच्या लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/१.८ इतके मोठे उघडे ठेवले, की घडाशेजारी उभ्या मुलीचा चेहरा रेखीव राहतो आणि मागची झाडांची रांग नुसता हिरवा रंग होऊन जाते. मोबाईलमधला पोर्ट्रेट मोड हीच धूसरता हिशेबाने तयार करतो. वाऱ्यावर उडणारे केस आणि केळीच्या पानाच्या फाटक्या झिरमिळ्या आल्या की तो हमखास गडबडतो. दुधी काचेवर त्या जशाच्या तशा उमटतात.

लेन्सच्या बैठकीपासून (माउंटपासून) काचेपर्यंतचे अंतर नेमके लागते: निकॉन एफ माउंटला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी. ते जरा वाढले तरी जवळचा चेहरा फोकस होतो, पण दूरचा सातपुडा काही केल्या होत नाही. ईएफ लेन्सचे अॅपर्चर विजेवर चालते, त्यामुळे साध्या अडॅप्टरवर ते कमी-जास्त करता येत नाही. अॅपर्चरचे कडे असलेली जुनी निकॉन लेन्स या कामाला उत्तम.

काचेवरचे चित्र उलटे पडते. ते सुलटे दाखवणारे अॅप वापरावे लागते. पुढे वजन आल्याने हातात धरून शूटिंग जमत नाही. सायकलीवर, बैलगाडीवर कॅमेरा बसवून सरकते शॉट घेण्याची मालेगावच्या सिनेमावाल्यांची रीत इथे कामी येते.

क्लिपने लावायची अॅनामॉर्फिक (रुंद दृश्य आडवे दाबून टिपणारी) लेन्स वेगळी. ती दुधी काचेशिवाय थेट मोबाईलपुढे बसते. दिग्दर्शक शॉन बेकर यांचा २०१५ चा चित्रपट ‘टँजरीन’ आयफोन ५एसवर अशाच लेन्सने चित्रित झाला.

दुधी काच प्रकाश खाते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; दोन स्टॉप गेले तर चौथाईच उरतो. खानदेशच्या उन्हात हा तोटा जाणवत नाही, उलट सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला १/५० सेकंदाचे शटर ठेवणे सोपे जाते. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत सकाळच्या उन्हात घोड्याची आयाळ सुरेख येते. नंदुरबारमधल्या काठी गावच्या होळीत रात्री नाचणारे बावा-बुध्या (सोंग घेतलेले आदिवासी नर्तक) मात्र या जोडणीने टिपू नयेत. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला की काचेचे कण आणि नॉइज (चित्रातला रवाळपणा) एकत्र दिसू लागतात. तिथे मोबाईलची स्वतःची लेन्सच चांगली.

धूळ हा मोठा शत्रू. मोबाईलचा फोकस काचेवरच असतो, म्हणून काळ्या मातीचा एक कण आत गेला तरी प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी ठळक ठिपका दिसतो. काच रुमालाने पुसू नये, तिच्या घासलेल्या बाजूवर ओरखडे उठतात. लेन्स काढून, काच जमिनीकडे तोंड करून धरावी आणि ब्लोअरच्या रबरी फुग्याने हवा मारावी.