प्रथिन कृमीचं, पण सापडलं काय?

पावसाळ्यात मुंबईत डेंग्यूचा रिपोर्ट कोणीही वाचतं. एनएस-१ म्हणजे विषाणूचं प्रथिन, आयजीएम-आयजीजी म्हणजे त्याच्याविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी, हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहे. मात्र यकृतातल्या पर्णकृमीचा, म्हणजे लिव्हर फ्ल्यूकचा रिपोर्ट आला की हे सगळं शहाणपण वाहून जातं. "मॅडम, कॅथेप्सिन पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे किडा आत आहे ना?" दादरच्या लॅबमध्ये बसून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते.

कॅथेप्सिन एल हे फॅसिओला या यकृतातल्या पर्णकृमीच्या आतड्यातलं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. या प्राण्याला गुदद्वार नाही. नको असलेलं तो तोंडानेच ओकतो आणि त्या ओकारीबरोबर कॅथेप्सिनही आपल्या अंगात सांडत राहतं. शरीर त्याच्यावर चवताळतं, भरपूर अँटिबॉडी बनवतं. निदानासाठी हे प्रथिन निवडलं गेलं ते म्हणूनच. घोळ होतो तो पुढे, कारण या एकाच प्रथिनावर दोन उलट्या तपासण्या उभ्या आहेत.

पहिलीत प्रथिन किटमधूनच येतं. जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं कॅथेप्सिन प्लेटच्या ९६ खळग्यांच्या तळाला चिकटवलेलं असतं. त्यावर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना उरलेला द्रव, घालायचं. अँटिबॉडी असतील तर त्या प्रथिनाला धरून बसतात, धुतलं तरी सुटत नाहीत. मग त्यांना धरणारी, एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, मग रंगाचं द्रावण. खळगा निळा होतो आणि आम्ल टाकलं की पिवळा. म्हणजे सापडल्या त्या रुग्णाच्या अँटिबॉडी, कृमी नव्हे.

दुसरीत किटमधून येते ती अँटिबॉडी, आणि प्रथिन यावं लागतं रुग्णाच्या शौचातून. तिथेही शेवटी तोच पिवळा रंग. म्हणजे पहिलीत कृमीचं प्रथिन हे गळाला लावलेलं आमिष आणि दुसरीत तेच मासा. कोळीवाड्यातलं पोरही या दोहोंत गफलत करणार नाही, पण "कृमीच्या प्रथिनावर आधारित चाचणी" असं छापलं की भले भले आमिषालाच मासा समजतात.

याची किंमत रुग्ण मोजतो. मागे एका गृहस्थांना ट्रायक्लाबेंडाझोल, म्हणजे फॅसिओलावरचं औषध, दिलं होतं. ताप गेला, इओसिनोफिल (कृमी असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) उतरले, माणूस कामावर जायला लागला. दोन महिन्यांनी कुणीतरी "खात्रीसाठी" सीरम पुन्हा पाठवलं. पॉझिटिव्ह येणारच होतं! कृमी मेला तरी अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. "औषध लागू पडलं नाही" म्हणून त्यांना परत गोळ्या. डेंग्यूची आयजीजी वर्षभराने दिसली तर आपण कुणाला सलाईन लावतो का? उपचारांनंतर बघायचं असेल तर शौचातलं प्रथिन बघा. कृमी गेले की ते लवकर नाहीसं होतं. अडचण एवढीच, की त्याची बाजारातली किट मुख्यतः गुराढोरांसाठी बनलेली आहेत.

उलट बाजूची चूकही तितकीच चीड आणते. कच्च्या पाणभाजीवरून पोटात गेलेली पिल्लं आतड्याची भिंत फोडून यकृतात शिरतात आणि ते पोखरत पित्तनलिकेकडे सरकतात. अंडी शौचात यायला तीन-चार महिने लागतात. तोवर ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, इओसिनोफिल आभाळाला भिडलेले, आणि शौच स्वच्छ. अशा वेळी "स्टूल नॉर्मल आहे, कृमी नाही" असं कुणी म्हणालं की मला हात जोडावेसे वाटतात. अँटिबॉडी २ ते ४ आठवड्यांत येतात. त्या टप्प्यात सीरमच पाठवा, माझं मत याबाबत ठाम आहे.

फॅसिओलाची जात हेपॅटिका की जायगँटिका, याचा काथ्याकूट नको. औषध तेच. मात्र गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून येणारा क्लोनॉर्किस, तोही लिव्हर फ्ल्यूकच म्हणवतो, पण त्याला प्राझिक्वांटेल चालतं. फॅसिओलाला त्याचा काही उपयोग नाही.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली म्हणून लगेच संसर्गाची खात्री धरू नका. बाधित बकऱ्याची कलेजी खाल्ली असेल, तर त्यातली अंडी तशीच शौचातून बाहेर पडतात. खाणाऱ्याला संसर्ग नसतो. त्यामुळे अंड्यांचा रिपोर्ट देण्याआधी मी फोन करून विचारते, "या आठवड्यात कलेजी खाल्लीत का?" रविवारनंतर हमखास "हो" येतं. मग आठवडाभर कलेजी बंद, आणि नमुना पुन्हा.