जावा-येझदीची घरगुती पुनर्बांधणी

म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत तयार झालेल्या जावा आणि येझदी या दोन-स्ट्रोक (पिस्टनच्या एकदा वर आणि एकदा खाली जाण्यात कामाचा एक फेरा पुरा करणाऱ्या) मोटारसायकली घरच्या घरी खोलून, झिजलेले भाग बदलून किंवा नव्याने घडवून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद. बोलताना सगळे याला ‘गाडी रिस्टोअर करणे’ म्हणतात. मराठीत ‘गॅरेज’ म्हणजे मेकॅनिकचे दुकान. स्वतःच्या घराला गॅरेज असणे आपल्याकडे विरळाच, त्यामुळे हे काम कोकणात पडवीत, जुन्या वाड्यात ओसरीवर आणि पुण्या-मुंबईत इमारतीच्या पार्किंगमध्ये चालते. कित्येक इंजिने तर बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून खोलली गेली आहेत.

जावा मूळची प्राग शहरातली. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मन वॉन्डरर कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा घेतला आणि यानेचेक व वॉन्डरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. भारतात रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरच्या महाराजांच्या पाठबळावर कारखाना उभारला. आधी ‘जावा’ या परवान्याच्या नावाने आणि सत्तरच्या दशकात ‘येझदी’ या स्वतःच्या नावाने गाड्या विकल्या गेल्या. जुनी जावा २५०, तिचाच वारसा चालवणारी येझदी ‘बी टाइप’ आणि १९७८ नंतरची रोडकिंग या तीन गाड्या हौशी मंडळींच्या हाती सर्वाधिक येतात. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या चार-स्ट्रोक गाड्यांवर परतली, पण नाव सोडले तर त्यांचा जुन्या यंत्राशी संबंध नाही. एकाचा एकही नट दुसऱ्याला बसत नाही.

शिकाऊ माणसाला ही गाडी मानवते याचे कारण तिच्या रचनेत आहे. इंजिन एका सिलिंडरचे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, क्षमता सुमारे २४९ सीसी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरची भोके उघडतो आणि मिटतो. सिलिंडर एक असूनही सायलेन्सर दोन, कारण जळालेला वायू दोन वाटांनी बाहेर पडतो, आणि गाडीचा तो ओळखीचा जडसर ठोका त्यातूनच येतो. डाव्या बाजूचा एकच दांडा गिअरचे काम करतो आणि आत दाबून वर फिरवला की किक होतो. शिवाय गिअरचा दांडा हलला की क्लच आपोआप दाबला जातो, म्हणजे हातातला क्लच न दाबताही गिअर पडतो. साध्या यंत्रात लपवलेली ही हुशारी पहिल्यांदा उलगडते तेव्हाचा आनंद निराळाच.

गाडी निवडताना आधी कागद पाहावेत, लोखंड नंतर. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळत नसतील, तर टाकी कितीही चकचकीत असो, ती गाडी सोडून द्यावी. १९८९ मध्ये ‘एमएच’ची जिल्हावार मालिका सुरू होण्यापूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक असलेल्या गाड्यांची नोंद अनेकदा संगणकावर चढलेलीच नसते. ती परिवहन कार्यालयातून चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ पुस्तिका लागते. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या लागतात. या वाटेवर अडकलेली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून राहते आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जाते.

गाडी कुठे उभी होती यावर कामाचा आवाका ठरतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत मडगार्डचा पत्रा आतून खाल्लेला असतो, रिमला पोपडे सुटलेले असतात. देशावरच्या कोरड्या हवेत लोखंड बरे टिकते, पण रबर, वायरींचे वेष्टन आणि ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) सुकून टणक होतात. टाकीत पेट्रोल तसेच ठेवून गाडी उभी केली असेल तर आत गंज आणि राळेसारखा चिकट थर साचतो.

खोलण्याचे काम सोपे वाटते आणि नेमके तिथेच घात होतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावावी. अडकलेल्या बोल्टवर आधी तेल सोडून रात्रभर थांबावे आणि रिंग पानाच वापरावा. छिन्नी-हातोडी लावली की ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात, मग तिथे नवी बुश बसवण्यासाठी लेथवाल्याकडे खेप घालावी लागते. क्लच आणि डायनामो काढायला पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार, लागतो. तो नसेल तर ते काम त्या दिवशी करू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. टाकीला डाग (झाळ) द्यायचा असेल तर आतली पेट्रोलची वाफ पूर्ण घालवून, टाकी पाण्याने भरूनच द्यावा. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, हे वेल्डरला सांगायला संकोचू नये.

इंजिनात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) दोन बाजूंचे ऑइल सील. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या कप्प्यात, ओढले जाते आणि तिथे दाबून वर पाठवले जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरचे तेल आत ओढले जाते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअरबॉक्समधले तेल कुठे नाहीसे होते ते कळत नाही. डायनामोच्या बाजूचे सील गेले तर धूर येत नाही, पण बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापते आणि चालत्या गाडीत पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. कार्बुरेटर दहादा साफ करूनही गाडी नीट चालत नाही, अशी तक्रार असलेल्या बहुतेक गाड्यांचे दुखणे शेवटी या काही रुपयांच्या रबरी कड्यांतच सापडते. नवा पिस्टन घालायचा आणि सील जुनेच ठेवायचे, ही काटकसर महागात पडते.

सिलिंडर ओतीव लोखंडाचा असल्यामुळे झिजला की बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालता येतो. मापे सहसा पाव मिलिमीटरने वाढत जातात. क्रँक हा बोल्टने जोडलेला नसून दाबून बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलायचे तर प्रेसवर तो वेगळा करून पुन्हा दाबावा लागतो आणि डायल गेज लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सरळ करावा लागतो. घरी करण्याचे हे काम नव्हे. मात्र असा क्रँक केवळ कानाने आणि बोटाने जोखणारे जुने कारागीर अजून आहेत आणि त्यांच्यासमोर बसून ते काम पाहणे हेच एक शिक्षण आहे. क्लचच्या प्लेटांवर बुचाचे तुकडे बसवलेले असतात. ते तेलात भिजवूनच घालावेत. जोडणी झाल्यावर हँडलची केबल आणि आतला स्क्रू या दोन्हींचे जुळते समायोजन करावे लागते, कारण क्लच दोन वाटांनी सुटतो. एक वाट घट्ट आणि दुसरी सैल राहिली तर गिअर कर्रकन वाजतो आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सवर जातो.

सायलेन्सरच्या आतली नळी तेलाच्या काजळीने बुजलेली असते. ती काढून, जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात टाकून साफ करतात. सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून त्या बादलीत दुसरा कोणताही भाग टाकू नये. अनेकांची ‘ओढ नसलेली’ गाडी नुसत्या या सफाईने जागी होते.

जुन्या जावाची वीजव्यवस्था ६ व्होल्टची. क्रँकच्या टोकावर डायनामो, त्याच्याच तोंडाशी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच. ठिणगी बॅटरीवर अवलंबून असल्याने बॅटरी मेली की किक मारून उपयोग होत नाही. पॉइंटची फट सुमारे ०.४ मिमी ठेवतात. हेडलाइटच्या घुमटातच वेगमापक आणि स्विच, आणि किल्ली म्हणजे जवळपास खिळाच. किल्ली हरवल्यावर खरोखरच खिळा घालून गाडी चालवणारे लोक होते. वायरिंग जुने असेल तर ते जोडून-जोडून न वापरता रंगांचा मूळ क्रम पाळून संपूर्ण नवे करावे.

रंग, क्रोम आणि पेठांतले कारागीर

‘घरगुती’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. घरी होते ती खोलणी, सफाई आणि जुळणी. बाकीची गाडी शहरभर हिंडते. बोअरिंगवाला, लेथवाला, बफिंग आणि क्रोमवाला, पत्रा ठोकणारा डेंटर, चाकाचा आउट (डगमग) काढून तारा ओढणारा, सीट शिवणारा आणि टाकीवर बारीक सोनेरी रेघ हाताने ओढणारा पेंटर, असे सहा-सात हात एका गाडीला लागतात. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि जुन्या मालासाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, हे या छंदाचे खरे पत्ते आहेत. आज सर्वांत दुर्मीळ झालाय तो क्रोमवाला. क्रोमच्या कामातील रसायने घातक, त्यांचे सांडपाणी विषारी, त्यामुळे वस्तीतले छोटे कारखाने बंद पडत गेले. ते बंद पडणे रास्तच होते, पण जावाच्या टाकीच्या चकाकत्या बाजू आता दुसऱ्या शहरात पाठवाव्या लागतात. रेघ ओढणाऱ्या पेंटरचेही तसेच. स्टिकर लावलेली टाकी लांबून शोभते, जवळ गेल्यावर ब्रशची जाड-बारीक होत जाणारी रेघ नाही हे लगेच जाणवते.

मूळ रंग शिल्लक असेल तर तो खरवडावा का, हा या मंडळींतला कायमचा वाद. प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. पत्रा शाबूत असेल आणि कारखान्यातला गडद लाल रंग पोचे-ओरखड्यांसह टिकला असेल, तर तो धुऊन, पॉलिश करून तसाच ठेवावा. नवा रंग केव्हाही देता येतो, म्हैसूरमध्ये लागलेला रंग पुन्हा मिळत नाही. गंजलेल्या पत्र्यावर बोटभर लांबी (पुट्टी) थापून वर चकचकीत रंग मारणे, हे मात्र काम नव्हे. पहिल्या पावसाळ्यात ती लांबी फुगते.

फेरबदल आणि कायदा

काहींना गाडी जशी होती तशी नको असते. मागची चौकट कापून, आखूड सीट आणि खाली वाकलेले हँडल लावून ‘कॅफे रेसर’ करतात, किंवा मडगार्ड छाटून ‘बॉबर’. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशा रीतीने गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी कसोटी आहे : केलेला बदल एका दुपारी उलटवता येतो का? १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच बसवला तर मूळ डायनामो कापडात गुंडाळून फडताळात ठेवता येतो. प्रखर दिवा, चांगला टायर, बसायला मऊ सीट यांचेही तेच. चौकटीला करवत लागली की मात्र परतीचा रस्ता नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला. कापलेली प्रत्येक चौकट ही उरलेल्यांतून एक वजा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, देखभाल यांसाठी चालवता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणून जो जावावरून रोज भाजी आणायला जातो त्याने या वाटेला न जाता नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करत राहणेच बरे.

पहिली किक

जोडलेल्या इंजिनात पेट्रोलसोबत टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचे) तेल मिसळावेच लागते, लिटरला साधारण ४० मिली. बोअर नवे असेल तर सुरुवातीला थोडे अधिक. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि उभ्या टाकीत गंज वाढवते. म्हणून महिनाभर गाडी चालवायची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि टाकी रिकामी करावी. अनेकजण काम दसऱ्यापर्यंत संपवायचा प्रयत्न करतात, म्हणजे खंडेनवमीला पाने-पकडींसोबत गाडीलाही झेंडूचा हार घालता येतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे चाहते शहरोशहरी जमतात, तीही एक मुदत असते.

किक मारण्यापूर्वी प्लग काढून चार-सहा वेळा इंजिन नुसते फिरवावे, हात लावून काही अडत नाही ना ते पाहावे. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटांत भरपूर धूर येतो. जोडताना लावलेले तेल जळत असते, घाबरण्याचे कारण नाही. दहा मिनिटे चालवून इंजिन बंद करावे, पूर्ण गार होऊ द्यावे, आणि मग सिलिंडर हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने पुन्हा एकदा आवळावेत. पहिले हजार किलोमीटर घाटात गाडी रेमटवू नये. प्रत्येक रपेटीनंतर प्लग काढून पाहावा : चॉकलेटी असला तर सगळे जमले, पांढराफटक दिसला तर कुठून तरी हवा शिरते आहे आणि क्रँकच्या सीलकडे परत जायला हवे.