कागदावरची फुली, डीएनएचा चौक

दोन डीएनए रेणू एकमेकांशी पेड अदलाबदल करतात, तेव्हा त्यांच्यात तयार होणाऱ्या चार भुजांच्या सांध्याला हॉलिडे जंक्शन म्हणतात. हे नाव ज्या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञावरून पडलं, त्या रॉबिन हॉलिडे यांनी हा सांधा पाहिला नव्हता. १९६४ साली तर्काने मांडला होता. कोडं बुरशीचं होतं. एका पेशीच्या अर्धसूत्री (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या) विभाजनातून निघालेले बीजाणू मोजले, तर एखाद्या जनुकाची दोन रूपं दोनास दोन निघायला हवीत, पण कधीकधी तीनास एक निघत. हॉलिडेंनी सुचवलं, की शेजारच्या दोन डीएनए रेणूंचा एकेक पेड तुटतो आणि पलीकडच्या रेणूला जोडला जातो. न जुळणारे बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, मग दुरुस्त होतात आणि हिशेब एका बाजूला झुकतो. या अदलाबदलीत चार भुजांचा चौक तयार होतो.

त्याचा खरा आकार कळायला मात्र वेळ लागला. दोन्ही रेणूंमधला बेसचा क्रम सारखाच असल्याने चौक एका जागी थांबत नाही, सरकत राहतो. नेड्रियन सीमन यांनी त्यावर सुंदर तोड काढली: क्रम असे निवडायचे, की सरकायला वावच उरू नये. १९८३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकी १६ बेसच्या चार छोट्या तुकड्यांतून असा स्थिर चौक बांधला. डीएनए नॅनोतंत्रज्ञानाची, म्हणजे डीएनएपासून अतिसूक्ष्म रचना बांधण्याच्या तंत्राची, सुरुवातही याच विचारातून झाली.

पुढे डेव्हिड लिली यांच्या गटाने आकाराचा अंदाज घेण्यासाठी जेल या मऊ, सच्छिद्र पदार्थातून हे चौक किती वेगाने पुढे जातात ते तपासलं. मॅग्नेशियम असलं की भुजा दोन-दोन करून एकावर एक बसतात आणि सुमारे ६० अंशांत एकमेकींना छेदतात. धातूचे आयन काढून घेतले, की डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि चौक चौरस उघडतो. मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच वाटतो, कारण हा चौक धरणाऱ्या आणि कापणाऱ्या प्रथिनांचं वागणं त्याशिवाय समजत नाही.

अदलाबदल डीएनएवर कुठेही होऊ शकते, म्हणून नुसता क्रम वाचून प्रथिनाला चौक सापडणार नाही. त्याला आकारच ओळखावा लागतो. शिवाय धरताना ते तो आकार बदलतंही. ई. कोलाय या जीवाणूतल्या रुव्हए प्रथिनाची रचना १९९६ मध्ये उलगडली: चार सारखे घटक, चौपदरी सममिती. ते चौक सपाट उघडून धरतं, रुव्हबी या दुसऱ्या प्रथिनाच्या कड्या डीएनए ओढतात आणि रुव्हसी हे तिसरं प्रथिन चौक कापतं. रुव्हसीला मात्र आकाराबरोबर कापायच्या जागेचा ठरावीक क्रमही लागतो.

चौक कापणारी विषाणूंची एन्झाइमं चौकाला धरून असतानाच्या रचना २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. टी७ विषाणूचं एन्झाइम चौक चौरस उघडत नाही. एकावर एक बसलेल्या भुजा तशाच ठेवून त्यांच्यातला कोन तेवढा बदलतं. माणसातलं जेन१ हे कापणारं प्रथिन २००८ मध्ये स्टीफन वेस्ट यांच्या गटाने ओळखलं. ते एकेकटं फिरतं. चौकावर आल्यावरच त्याची जोडी जमते आणि एका पेडावर काप पडला, की लगोलग समोरच्यावर दुसरा पडतो.