हँग की फ्रीज? फॉरमॅट मारण्याआधी नम लॉक दाबा

डेस्कटॉप मधेच अडकतो म्हटलं की बेळगावपासून निपाणीपर्यंत बहुतेक दुकानांत पहिला सल्ला एकच: फॉरमॅट मारून घ्या. त्यानं भागलं नाही तर रॅम वाढवा, तरीही नाही तर नवीन मशीन घ्या. अडकण्याचे प्रकार दोन आहेत, हे कुणी विचारतच नाही. एकात विंडोज जिवंत असतं आणि कशाची तरी वाट बघत बसलेलं असतं. त्याला इथं हँग म्हणतो. दुसऱ्यात अख्खं मशीनच जागेवर थांबतं, तो फ्रीज. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सगळा घोळ.

साधा हँग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चार जीबी रॅम, क्रोममध्ये तीस टॅब, वर डिझाइनचं कोरलड्रॉ उघडलेलं आणि त्यात मराठी-कन्नड दोन्हीकडचे शेकडो फॉन्ट. टास्क मॅनेजर (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप) उघडला की कारण समोर दिसतं. त्यावर जास्त बोलायला नको. आणि हो, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारल्यानं मशीनला काहीही होत नाही. ती सवय सोडा.

आता मुद्द्याचं. मशीन अडकलं की हात लगेच रिसेटच्या बटणाकडे जातो, आणि पुरावा तिथंच पुसला जातो. त्याऐवजी नम लॉक दाबा आणि कीबोर्डवरच्या दिव्याकडे बघा. साध्या कीबोर्डचा तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. बटण दाबल्याची खबर विंडोजकडे जाते आणि तिथून परत हुकूम आला की दिवा बदलतो. म्हणजे दिवा बदलला तर प्रोसेसर, मेमरी आणि विंडोजचा गाभा चालू आहे. दहा-पंधरा सेकंद थांबूनही बदलला नाही, घड्याळ थांबलंय, आणि गाणं चालू असेल तर त्याचा एकच तुकडा घर्रर्र करत राहिलाय, तर तो फ्रीज. माउसचा बाण एवढ्यावरून निकाल देऊ नका. बाण हलतोय तर मशीन जिवंत आहे हे खरं, पण हलत नाही म्हणून मेलंच असं नाही. कधी बिनवायरच्या माउसचा नुसता यूएसबी रिसिव्हर झोपलेला असतो. बिनवायरच्या बऱ्याच कीबोर्डना दिवाच नसतो, तेव्हा या कामासाठी एक जुना वायरवाला जवळ ठेवा.

मधला एक प्रकार फसवतो: चित्र थांबलेलं, पण दिवा बदलतो आणि गाणंही चालू. तिथं विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा कार्ड तपासायला घ्या.

दिवा बदलतो, अर्ध्या-एक मिनिटानं सगळं आपोआप सुटतं आणि थोड्या वेळानं पुन्हा अडकतं, तर बहुतेक वेळा डिस्कच गुन्हेगार निघते. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवण्याचा छोटा कप्पा, वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा झटते आणि तोवर विंडोज ताटकळतं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 7, 129 किंवा 153 या क्रमांकाच्या नोंदी शोधा. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा. हार्ड डिस्कच्या सी5 किंवा सी6 ओळीत (वाचता न येणारे सेक्टर तिथं मोजले जातात) शून्याशिवाय काही दिसलं तर आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्कचा (विंडोजमधल्या डिस्क दुरुस्तीच्या प्रोग्रामचा) पूर्ण स्कॅन चालवणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही. उरलासुरला डेटाही त्यात जातो. सी7 चा आकडा (डेटा पोचवतानाच्या चुकांचा) मात्र सहसा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. तो कधी कमी होत नाही, म्हणून लिहून ठेवा, केबल बदला आणि आकडा पुढं वाढतो का ते बघा.

फॉरमॅटचा लौकिक इथूनच आलाय. क्विक फॉरमॅट सेक्टर तपासतच नाही. विंडोजच्या फाइली फक्त दुसऱ्या जागी जाऊन पडतात. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

दिवा बदलत नसेल तर डिस्क आणि फॉरमॅट विसरा, कॅबिनेट उघडा. त्याआधी एक: लॉगमध्ये लाल खुणेसह कर्नल-पॉवर 41 ही नोंद दिसली की 'पॉवर सप्लाय गेला' असं जाहीर करू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही रिसेट दाबलं म्हणूनच ती नोंद आली! त्यापेक्षा 6008 ची नोंद उघडा. मशीन शेवटचं जिवंत असल्याची साधारण वेळ तिथं सापडते. त्या वेळेच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) नोंद असेल तर संशय हार्डवेअरवर पक्का.

सुरुवात रॅमपासून. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवण्याची सोय, बंद करा. खानापूरकडच्या पावसाळ्यात दमटपणानं रॅमचे संपर्क काळवंडतात. काढून खोडरबरानं पुसा, ब्रशनं झाडा, परत बसवा. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 या प्रोग्रामचे रात्रभर चार पास (पूर्ण फेऱ्या). एक एरर आला तरी ती रॅमची काडी बाद; 'दोनच आहेत, चालतंय' हे चालत नाही. एरर आला की एकेक काडी वेगळी तपासा. विंडोजमधली मेमरी टेस्ट बरंच काही सोडून देते, तिच्यावर विसंबू नका.

नंतर पॉवर सप्लाय. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या '450 वॉट'वर माझा काडीचा विश्वास नाही. मोलेक्सच्या (सप्लायमधून निघणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) पिवळ्या-काळ्या वायरीत मल्टिमीटर लावा: 11.4 ते 12.6 व्होल्टच्या बाहेर गेला तर बदला. आत असला तरी निर्दोष ठरत नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो, क्षणाचे झटके नाही. चांगला सप्लाय आठवडाभर मागून आणून लावणं हीच खरी परीक्षा. लाईट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होतं, ते मात्र वेगळं दुखणं: आधी यूपीएसची बॅटरी बघा, मशीन इन्व्हर्टरवर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते बघा.

'गरम होऊन फ्रीज होतं' हेही सरसकट बोललं जातं. प्रोसेसर तापला की आधी वेग उतरवतो, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडतं. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांचा कापूस हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत) बसला तर मशीन मंद होईल. तो काढाच, पण फ्रीजचा शोध तिथं संपवू नका.

आणि मशीन कामात कधीच अडकत नाही, पण चहाला उठून आलात की गोठलेलं सापडतं, असं असेल आणि प्रोसेसर एएमडीचा सुरुवातीच्या पिढीचा रायझन असेल, तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करा. कधीकधी एक रुपयाही खर्च न होता विषय मिटतो.