गिटारच्या नेकवरील मोड आणि त्यांची जोडणी

एखाद्या स्केलमधील सात स्वरांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने मुख्य स्वर मानले की जे सात स्वरक्रम मिळतात, त्यांना मोड म्हणतात. गिटारवर ते सहसा सात पॅटर्नच्या (बोटांच्या ठरावीक आकृत्यांच्या) रूपात शिकले जातात आणि नंतर नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) वरच्या फ्रेटपर्यंत (नेकवरील आडव्या पट्ट्या) एकमेकांना जोडले जातात. या अभ्यासात सर्वांत जास्त वेळ एका गैरसमजामुळे वाया जातो. मोड पॅटर्नमध्ये नसतो, मुख्य स्वरात असतो. एका मेजर स्केलचा नेकवरचा नकाशा एकच आहे. त्यातल्या कोणत्या स्वरावर विसावायचे यावरून मोड ठरतो. हे ध्यानात न घेता सातही पॅटर्न पाठ करणाऱ्याच्या हाती शेवटी एकच मेजर स्केल लागते.

सात मोड

सी मेजरचे सात स्वर घेतले तर सी हा मुख्य स्वर मानल्यास आयोनियन, डी मानल्यास डोरियन, ई मानल्यास फ्रिजियन, एफ मानल्यास लिडियन, जी मानल्यास मिक्सोलिडियन, ए मानल्यास एओलियन आणि बी मानल्यास लोक्रियन मोड मिळतो. नावे ग्रीक असली तरी आजची व्यवस्था मध्ययुगीन चर्चसंगीतातून आलेली आहे. ग्लॅरेआनुस या स्विस पंडिताने १५४७ मधील ‘डोडेकाकॉर्डॉन’ या ग्रंथात जुन्या आठ मोडमध्ये आयोनियन व एओलियन आणि त्यांचे उपप्रकार यांची भर घातली.

हिंदुस्थानी संगीताशी परिचय असलेल्यांना यांपैकी सहा स्वरसंच ओळखीचे वाटतील: आयोनियन म्हणजे बिलावल थाट, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी. लोक्रियनमध्ये पंचमच उतरतो, आणि हिंदुस्थानी पद्धतीत पंचम अचल असल्याने त्याला जोडीचा थाट नाही. साम्य फक्त स्वरसंचापुरते आहे. रागाची चाल, वर्ज्य स्वर आणि न्यास मोडमध्ये येत नाहीत. तरीही स्वरांची नावे सरगमने घेतली तर गिटारवरचा हिशेब बराच सोपा होतो, म्हणून पुढे तीच वापरली आहेत.

एकाच ठिकाणी सात मोड

मोड ऐकू येण्यासाठी मुख्य स्वर स्थिर हवा. सी मेजर वाजवून लगेच डीपासून डोरियन वाजवले तर कानात सीच घुमत राहतो आणि डोरियनचा रंग उमटत नाही. म्हणून पहिला अभ्यास मुख्य स्वर न बदलता, तोही ड्रोन (सतत वाजत राहणारा आधारस्वर) लावून करावा. डी स्वराचा तानपुरा चालेल, किंवा बेसवर डी लांबवून धरलेले रेकॉर्डिंग घ्यावे.

सर्वांत पातळ तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी धरली, तर पाचव्या तारेवरच्या ५व्या फ्रेटवर डी आहे. तेथून एक सप्तक डी लिडियन असे बसते (आकडे फ्रेटचे): पाचव्या तारेवर ५-७-९, चौथ्या तारेवर ६-७-९, तिसऱ्या तारेवर ६-७. आता दर वेळी एकच स्वर एक फ्रेट मागे घ्यायचा. चौथ्या तारेवरचा ६ हा ५ केला की तीव्र मध्यम शुद्ध होतो आणि आयोनियन मिळतो. तिसऱ्या तारेवरचा ६ हा ५ केला की निषाद कोमल होऊन मिक्सोलिडियन. पाचव्या तारेवरचा ९ हा ८ केला की गंधार कोमल आणि डोरियन. चौथ्या तारेवरचा ९ हा ८ केला की धैवत कोमल आणि एओलियन. पाचव्या तारेवरचा ७ हा ६ केला की रिषभ कोमल आणि फ्रिजियन. शेवटी चौथ्या तारेवरचा ७ हा ६ केला की पंचम उतरतो आणि लोक्रियन तयार होतो. तानपुऱ्यात पंचम लावलेला असेल तर या शेवटच्या पायरीवर तो टोचतो. तेथे मध्यम लावलेला किंवा नुसत्या षड्जाचा ड्रोन घ्यावा.

सर्वांत उजळ लिडियनपासून सर्वांत गडद लोक्रियनपर्यंतचा हा प्रवास हाताला जवळजवळ जागेवर ठेवूनच होतो. प्रत्येक मोडची ओळख ज्या स्वरात आहे तो नेमका कोणता, हे येथे बोटालाही कळते आणि कानालाही. सात मोठे पॅटर्न हाती घेण्यापूर्वी हा लहान अभ्यास पक्का करणे केव्हाही श्रेयस्कर.

एका तारेवर तीन स्वर

संपूर्ण नेक व्यापण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे प्रत्येक तारेवर तीन स्वर घेणे. सहा तारांवर अठरा स्वर येतात, म्हणजे दोन सप्तके आणि वर थोडे. या पद्धतीत एका तारेवर बोटांच्या तीनच रचना संभवतात. टोन म्हणजे दोन फ्रेटचे आणि सेमिटोन म्हणजे एका फ्रेटचे अंतर. टोन-टोन ही रुंद रचना, उदाहरणार्थ ३-५-७, पहिल्या (तर्जनी), दुसऱ्या व चौथ्या बोटाने वाजते. सेमिटोन-टोन, उदाहरणार्थ ४-५-७, हीसुद्धा १-२-४ बोटांनी. टोन-सेमिटोन, उदाहरणार्थ ५-७-८, ही मात्र १-३-४ बोटांनी.

आता मेजर स्केलच्या षड्जापासून जाड तारेवर सुरुवात करून पातळ तारांकडे जावे. सुरुवातीच्या तारेला सा-रे-ग, पुढच्या तारेला म-प-ध, त्यापुढे नी-सा-रे असे स्वर येतात. म्हणजे तारांवरचे आरंभस्वर सा, म, नी, ग, ध, रे, प या क्रमाने येतात आणि पुन्हा सा. यांपैकी प, सा, म यांपासून सुरू होणाऱ्या तारांवर रुंद रचना असते. नी आणि ग यांपासून सेमिटोन आधी. ध आणि रे यांपासून सेमिटोन नंतर. तीन, दोन, दोन असे हे सात तारांचे चक्र आहे. गिटारला सहा तारा असल्याने प्रत्येक पॅटर्न म्हणजे या चक्राचे सलग सहा तुकडे, आणि सात पॅटर्न म्हणजे ते तुकडे कोठून मोजायला घेतले याचे सात प्रकार. सात स्वतंत्र आकृत्या पाठ करण्यापेक्षा हे एक चक्र लक्षात ठेवणे फार सोपे आहे.

हात केव्हा सरकवायचा याचेही दोनच नियम आहेत. शेजारच्या तारा एकमेकींपासून शुद्ध मध्यमाच्या अंतरावर असल्याने पुढच्या तारेवरची सुरुवात सहसा त्याच फ्रेटवर होते. मध्यमापासून सुरू झालेल्या तारेवरून निषादाच्या तारेवर जाताना मात्र एक फ्रेट पुढे जावे लागते, कारण म ते नी हे अंतर अर्ध्या स्वराने मोठे आहे. दुसरा नियम तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जातानाचा: जी आणि बी या तारांमध्ये फक्त शुद्ध गंधाराचे अंतर असल्याने तेथेही एक फ्रेट पुढे. दोन्ही गोष्टी एकाच जागी आल्या तर दोन फ्रेट.

जी मेजरमध्ये हे पडताळता येते. सहाव्या तारेवर ३-५-७, पाचव्या तारेवर ३-५-७, चौथ्या तारेवर एक फ्रेट पुढे ४-५-७, तिसऱ्या तारेवर ४-५-७, दुसऱ्या तारेवर पुन्हा एक फ्रेट पुढे ५-७-८, पहिल्या तारेवर ५-७-८. यानंतरचा पॅटर्न ए स्वरापासून: ५-७-८, ५-७-९, ५-७-९, ५-७-९ आणि मग दोन्ही कारणे एकत्र आल्याने थेट ७-८-१०, ७-८-१०. उरलेल्या पाच पॅटर्नची सुरुवात सहाव्या तारेवर अनुक्रमे ७, ८, १०, १२ आणि १४व्या (किंवा २ऱ्या) फ्रेटवर होते. रचना चक्रावरून स्वतः काढाव्यात. त्या कागदावरून उतरवल्या तर लवकर विसरतात.

ए स्वरापासूनच्या या पॅटर्नला अनेक पुस्तकी तक्त्यांत ‘डोरियन पॅटर्न’ म्हटलेले असते. खाली बेस जीचा असेल तर त्याच पॅटर्नमधून आयोनियन ऐकू येतो, सीचा असेल तर लिडियन. नाव फक्त सुरुवातीच्या स्वरावरून पडले आहे.

पॅटर्न जोडणे

शेजारच्या दोन पॅटर्नमध्ये प्रत्येक तारेवरचे तीनपैकी दोन स्वर सामाईक असतात. पहिल्यात सहाव्या तारेवर ३-५-७ आहे, दुसऱ्यात ५-७-८. एका पॅटर्नमधून दुसऱ्यात जाणे म्हणजे तारेवरचा सर्वांत खालचा स्वर सोडून वरचा एक घेणे. म्हणून कोणत्याही तारेवर तीनऐवजी चार स्वर वाजवले की पूल तयार होतो. सुरुवातीचा अभ्यास असा: पहिला पॅटर्न चढत जावा, पहिल्या तारेवर ५-७-८ झाल्यावर चौथे बोट १०व्या फ्रेटवर घसरवावे, दुसरा पॅटर्न उतरत यावा, सहाव्या तारेवर ५व्या फ्रेटवर पोचल्यावर ७व्या फ्रेटपासून तिसरा पॅटर्न सुरू करावा. हे जमले की पूल पहिल्या तारेवरून तिसऱ्या, मग चौथ्या तारेवर न्यावा. हात नेहमी कडेच्या तारांवरच सरकत राहिला तर मधल्या तारांवर वाजवताना वादक पॅटर्नमध्ये अडकतो, आणि ही अडचण वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

तिरकी चाल हा याहून मोकळा मार्ग आहे. दोन तारांवर एक पूर्ण सप्तक चार अधिक तीन स्वरांत बसवायचे: सहाव्या तारेवर ३-५-७-८, पाचव्या तारेवर ५-७-९. हीच आकृती चौथ्या-तिसऱ्या जोडीवर ५व्या फ्रेटपासून (५-७-९-१०, ७-९-११) आणि दुसऱ्या-पहिल्या जोडीवर ८व्या फ्रेटपासून (८-१०-१२-१३, १०-१२-१४) जशीच्या तशी येते. पहिल्या तारेच्या १५व्या फ्रेटवर जी घेतला की तीन सप्तके पूर्ण. जी-बी तारांमधले वेगळे अंतर दोन जोड्यांच्या मध्ये पडते, म्हणून आकृती बिघडत नाही. दुसऱ्या जोडीला दोन आणि तिसऱ्या जोडीला तीन फ्रेट पुढे सरकणे एवढेच ध्यानात ठेवायचे. प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला पहिले बोट षड्जावरून रिषभावर घसरवले की उरलेले सहा स्वर हाताखाली आपोआप येतात. ए डोरियनसाठी पहिल्या जोडीची आकृती ५-७-८-१०, ७-९-१० अशी होते. इतर मोडही याच रीतीने बसतात. फ्रिजियन आणि लोक्रियनमध्ये रिषभ कोमल असल्याने पहिली घसर एकाच फ्रेटची असते.

या दोन्हींच्या आधी किंवा सोबत एका तारेवरचा अभ्यास ठेवावा. चौथी तार मोकळी डी म्हणून वाजत ठेवून दुसऱ्या तारेवर डी डोरियन: ०, १, ३, ५, ६, ८, १०, १२. येथे पॅटर्नचा आधार नसल्याने प्रत्येक स्वर कानानेच शोधावा लागतो, आणि आडवे अंतर डोळ्यांत बसते.

पाच कॉर्ड-आकारांवर आधारलेली केज्ड पद्धतही प्रचलित आहे. ती कॉर्डशी जवळीक ठेवते, हात फारसा ताणत नाही. मात्र काही तारांवर दोन, काहींवर तीन स्वर येत असल्याने वेगवान ओळींना ती कमी सोयीची पडते. कोणतीही पद्धत घेतली तरी मुख्य स्वराच्या सर्व जागा माहीत हव्यात. जीसाठी त्या सहाव्या व पहिल्या तारेवर ३ आणि १५, पाचव्या तारेवर १०, चौथ्या तारेवर ५ आणि १७, तिसऱ्या तारेवर मोकळी तार आणि १२, दुसऱ्या तारेवर ८.

काय बिघडते

रुंद रचनांनी हात दुखतो, विशेषतः खालच्या फ्रेटवर. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर ३ऱ्या ते ७व्या फ्रेटचे अंतर सुमारे ११२ मिलिमीटर असते, तर १२व्या ते १६व्या फ्रेटचे सुमारे ६७. म्हणून नवशिक्याने पॅटर्न १२व्या फ्रेटच्या आसपास बसवून मग खाली आणावा. अंगठा नेकच्या मागे मध्यभागी, साधारण दुसऱ्या बोटासमोर ठेवावा. तो वर डोकावू लागला की चौथे बोट पोचत नाही. कळ आली तर थांबावे.

तालाचा घोटाळाही नेहमीचा आहे. प्रत्येक तारेवर तीन स्वर असल्याने तिपटीत, म्हणजे एका ठोक्याला तीन स्वरांत, हात सहज चालतो. चौपटीत मात्र ठोका दर तारेवर वेगळ्या बोटावर पडतो आणि लय डळमळते. मेट्रोनोम ६० वर ठेवून दोन्ही प्रकार वाजवावेत. पिकची (तार छेडायच्या पट्टीची) दिशाही आधी ठरवावी: सतत वर-खाली, किंवा चढताना दर तारेवर खाली-वर-खाली करून तोच खालचा झटका पुढच्या तारेवर नेणे. दोन्हींची सरमिसळ केली की वेग एका मर्यादेपुढे जात नाही.

तिसरी चूक संगीताची आहे. पॅटर्न नेहमी खालच्या स्वरापासूनच सुरू केला तर सुरावट कधीच तयार होत नाही, फक्त तान होते. त्यावर उपाय म्हणून कॉर्डची जोडी लावून मोडच्या ओळखीच्या स्वरावर थांबण्याचा सराव करावा. सी मेजरच्याच स्वरांत डोरियनसाठी डी मायनर–जी, फ्रिजियनसाठी ई मायनर–एफ, मिक्सोलिडियनसाठी जी–एफ, एओलियनसाठी ए मायनर–एफ–जी. लिडियनसाठी बेस एफवर धरून एफ–जी. यात सी मेजर कॉर्ड येऊ देऊ नये, कारण ती येताच कान तिलाच घर मानतो. लोक्रियनची स्वतःची कॉर्ड डिमिनिश्ड (उतरलेल्या पंचमाची) असल्याने तिच्यावर विसावा मिळत नाही. हा मोड शेवटी शिकला तरी चालतो.

पुढची पायरी मुख्य स्वर बदलण्याची. आठ मात्रा डी डोरियन आणि आठ मात्रा ई-फ्लॅट डोरियन असा क्रम लावावा. सगळा हात एक फ्रेट पुढे ढकलणे सोपे असते, पण त्यातून सांधा उघडा पडतो. दोन्ही मोडमध्ये एफ आणि सी हे दोनच स्वर सामाईक आहेत. बदलाच्या ठिकाणी त्यांपैकी एक धरून ठेवावा आणि त्याच पाच फ्रेटच्या पट्ट्यात नव्या मोडचा सर्वांत जवळचा स्वर शोधावा. मग हाच अभ्यास ५व्या, ७व्या आणि १०व्या फ्रेटच्या परिसरात करावा.